मद्रासचा ब्राह्मणेतर पक्ष कोणीं बुडविला?
(गांवच्या सभेंत केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवडणूक जवळ आली कीं चावडीवर एकच प्रश्न ऐकूं येतो, 'औंदा कोण उभा आहे?' त्याला कोणीं उभा केला, आणि त्याच्या आधींचा पुढारी कां गेला, हें पुसणारा क्वचित् भेटतो. म्हणून आज आम्ही मद्रास इलाख्यांतील 1937 सालच्या निवडणुकीची हकीकत सांगणार आहों. तेथला पक्ष आपल्याकडील ब्राह्मणेतर पक्षाचा चुलतभाऊच म्हणावा असा होता. घर वेगळें, पण दुखणें एक.

हा पक्ष 1916 सालीं निघाला. डॉक्टर नायर, त्यागराय चेट्टी आणि नटेश मुदलियार हे त्याचे मूळ पुरुष. 'जस्टिस' नांवाचें त्यांचें इंग्रजी पत्र होतें, त्यावरून लोक त्याला जस्टिस पार्टी म्हणूं लागले. 1920 सालीं पहिली निवडणूक झाली. काँग्रेसनें तिच्यावर बहिष्कार घातला होता, त्यामुळें कौन्सिलांत हा पक्ष सहज वर आला. गव्हर्नरानें त्यागराय चेट्टींस मुख्य प्रधान होण्यास बोलाविलें, तर त्यांनीं ती जागा स्वतः न घेतां दुसऱ्यास देवविली. असें करणारे आम्हांस फार थोडे आढळले. पुढें पानगलचे राजे मुख्य प्रधान झाले. सरकारी नोकऱ्यांत सर्व जातींस वांटा मिळावा असा हुकूम 1921 सालीं निघाला, बायकांस मताचा हक्क मिळाला, देवस्थानांच्या उत्पन्नावर देखरेख ठेवणारा कायदा झाला. हीं कामें लहान नव्हतीं, तीं त्यांच्या जमेस धरलींच पाहिजेत.

पण मत कोणास होतें? 1920 सालीं सगळ्या इलाख्यांत मतदार 12 लाखांच्या आसपास. सारा भरणारा, कर भरणारा, घरदारवाला तो मतदार. कुळास मत नाहीं, विणकरास नाहीं, कुंभारास नाहीं. दुसरें असें कीं, शिक्षण, स्थानिक बोर्डें असलीं खातीं प्रधानांकडे होतीं, आणि जमिनीचा सारा मात्र गव्हर्नराच्या हातीं होता. ज्या गोष्टीनें शेतकऱ्याची झोंप उडते तिच्यावर निवडून आलेल्या प्रधानाचा हात चालत नसे.

1928 च्या डिसेंबरांत पानगलचे राजे वारले आणि पक्षाची सूत्रें मुनुस्वामी नायडू यांच्याकडे आलीं. हे चित्तूर जिल्ह्यांतले, शेतकऱ्याच्या घरांतले, शिकून वकील झालेले. 1930 ची निवडणूक पक्षानें त्यांच्या पुढारीपणाखालीं जिंकली आणि ते मुख्य प्रधान झाले. वेळ वाईट होती. जगभर मंदी आली होती, धान्याचे भाव कोसळले होते, सारा मात्र रोखीनेंच भरावयाचा. कृष्णा-गोदावरीच्या सुपीक खोऱ्यांत फेरआकारणी करून सारा वाढविण्याचा घाट सरकारनें घातला होता, त्याविरुद्ध रयत चवताळली होती. अशा वेळीं शेतकऱ्याच्या दारिद्र्याची ज्यास माहिती आहे असा पुढारी हाताशीं असणें ही पक्षाची मोठी शिदोरी होती.

पक्षानें ती फेंकून दिली. कां, तें ऐका. मद्रास इलाख्याचा सुमारें तिसरा हिस्सा जमीनदारीखालीं होता. हे जमीनदार पक्षास पैसा पुरवीत, आणि पैसा पुरविणारास आपण धनी आहों असें वाटूं लागतें. नायडूंनीं प्रधानमंडळांत आपल्याबरोबर पी. टी. राजन व कुमारस्वामी रेड्डियार यांस घेतलें, एकाहि बड्या जमीनदारास घेतलें नाहीं. तें त्यांच्या जिव्हारीं लागलें. बोब्बिलीचे राजे व वेंकटगिरीचे कुमारराजे यांनीं पक्षांतच निराळा तट केला. 1932 च्या ऑक्टोबरांत तंजावरास पक्षाची परिषद भरली. तेथें मोठा गोंधळ माजला आणि पुढारीपण बोब्बिलीच्या राजांकडे गेलें. बरोबरचे दोघे प्रधान राजीनामे देऊन बाजूला झाले. नायडू एकटे पडले, नोव्हेंबरांत त्यांसहि उतरावें लागलें. बोब्बिलीचे राजे वयाच्या एकतिसाव्या वर्षीं मुख्य प्रधान झाले.

आतां तुम्हीच सांगा, ह्या उलथापालथींत मत देणारा शेतकरी कोठें होता? 1930 सालीं त्यानें मत दिलें तेव्हां पुढारी नायडू होते. दोन वर्षांनीं राजे आले, त्याला कोणीं विचारलें नाहीं. नायडूंनीं आपला वेगळा पक्ष काढला, पण 1935 च्या आरंभीं ते वारले आणि त्यांचीं माणसें परत जुन्या पक्षांत गेलीं.

बोब्बिलीच्या राजांविषयीं एकतर्फी बोलूं नये. इनामी गांवांतील कुळांस हक्क देणारा कायदा त्यांच्याच कारकीर्दींत, 1936 सालीं, झाला. परंतु त्यांच्याच कारकीर्दींत 1934 सालीं तालुका बोर्डें मोडलीं. खेड्यांतला चार बुकें शिकलेला कर्ता माणूस प्रथम तालुका बोर्डांतच बसावयास शिकतो. ती पायरीच काढल्यावर पक्षाला नवीं माणसें यावयाचीं कोठून? शिवाय लोकांच्या नजरेंत भरली ती पगाराची गोष्ट. मंदीच्या दिवसांत मद्रासच्या प्रधानास दरमहा 4,300 रुपयांहून अधिक पगार मिळे. काँग्रेसनें 1931 सालींच कराचीस ठरविलें होतें कीं अधिकाऱ्यास 500 रुपयांवर पगार नको. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले कीं अडाणी माणसासहि हिशेब करतां येतो.

इशारे मिळाले नाहींत असेंहि नाहीं. 1934 सालीं दिल्लीच्या असेंब्लीच्या निवडणुकींत पक्षाचे षण्मुखम् चेट्टी यांच्यासारखे मोठे गृहस्थ पडले. 1935 सालीं कित्येक जिल्हा बोर्डें काँग्रेसनें घेतलीं. सत्यमूर्ति खेडोपाडीं फिरत होते. इकडे 1936 सालीं राजेसाहेब विलायतेस गेले आणि कांहीं महिने राजन यांनीं त्यांच्या जागीं काम पाहिलें. निवडणूक वर्षावर आली असतां घरधनी समुद्रापलीकडे, असा तो प्रकार.

1935 च्या कायद्यानें मतदार 60 लाखांवर गेले, म्हणजे 1920 च्या जवळजवळ पांचपट. जे आजवर दाराबाहेर उभे होते त्यांतले पुष्कळजण आंत आले. 1937 च्या फेब्रुवारींत मतें पडलीं. काँग्रेसची पेटी पिवळ्या रंगाची होती, आणि निरक्षराला रंग वाचतां येतो. 215 जागांपैकीं काँग्रेसला 159 मिळाल्या, जस्टिस पक्षाला अवघ्या 18. खुद्द बोब्बिलींत राजेसाहेबांस व्ही. व्ही. गिरी यांनीं पाडलें.

कांहीं लोक म्हणतात कीं गांधींच्या नांवाचा तो पूर होता, त्यांत कोणीहि वाहून गेला असता. पूर होता हें आम्हांस कबूल आहे. पण बांध कोणीं फोडला होता? ज्याच्या वाड्यावर खंड भरावयास जावें लागतें तोच 'मी तुमच्यासाठीं झटतों' म्हणून मत मागूं लागला, तर कुळानें काय समजावें? नायडू पुढारी राहिले असते तर पक्ष जिंकला असता असा आमचा दावा नाहीं. इतका धुव्वा मात्र उडाला नसता असें आम्हांस वाटतें.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. जुलैंत राजगोपालाचारी मुख्य प्रधान झाले, 1938 सालीं शेतकऱ्यांच्या कर्जांवर कायदा झाला, आणि जमीनदारी मोडण्याचा कायदा 1948 सालीं आला. म्हणजे जमीनदारांनीं ज्यासाठीं पक्ष हातीं घेतला तेंहि त्यांच्या हातीं राहिलें नाहीं. राजगोपालाचारींनीं शाळांत हिंदी सक्तीची केली तेव्हां तिच्याविरुद्ध चळवळ उठली. तिच्यांत तुरुंगांत गेलेले ई. व्ही. रामस्वामी यांस पक्षानें 1938 च्या अखेरीस, ते तुरुंगांत असतांनाच, अध्यक्ष निवडलें. 1944 सालीं सेलमच्या परिषदेंत पक्षाचें नांव द्राविडर कळघम झालें, आणि सरकारनें दिलेल्या पदव्या टाकून द्याव्या असा ठराव झाला. ज्यांस हें मानवलें नाहीं ते जुनें नांव घेऊन वेगळे राहिले. 1952 च्या निवडणुकींत त्यांची एक जागा आली, ती राजन यांची.