माहेरी जाताना फाइल सोबत जाते का?



 ही परिषद भरली आहे त्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. आपलं भारतीय बाळ वजनाला कमी भरलं तरी अंगात चरबी धरून असतं, हे त्यातून जगाला कळलं.

बाळाच्या तब्येतीची सुरुवात अशी आईच्या पोटातच होते, म्हणून गरोदरपणातल्या मधुमेहाकडे बघायला हवं. त्याचं निदान आता अवघड राहिलेलं नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी धरलेल्या आग्रहामुळे उपाशीपोटी येण्याची अट गेली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं, दोन तासांनी साखर बघायची, १४० किंवा त्याहून जास्त आली की उपचार सुरू. त्यांचा गुणही येतो. ऑस्ट्रेलियातल्या २००५ च्या अभ्यासात उपचारांमुळे बाळांमधली गंभीर गुंतागुंत चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आली.

मग तीच गोळी, तेच इन्सुलिन घेणाऱ्या दोघींपैकी एकीचीच साखर आटोक्यात का येते? मला विचाराल तर बरंचसं उत्तर स्वयंपाकघरात आहे. पथ्याचा कागद आपण सुनेच्या हातात देतो, पण काय शिजणार हे सासूबाई ठरवतात. चतुर्थीला ती साबुदाण्याची खिचडी खाते, तेव्हा उपास मोडू नये एवढंच तिच्या मनात असतं. सातव्या महिन्यानंतर ती माहेरी जाते. डॉक्टर बदलतात, फाइल सासरी राहते, आई डोहाळे पुरवते. आणि वारेच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनची गरज वाढते ती नेमकी याच महिन्यांत! म्हणून सासूबाईंना आणि आईला समोर बसवून बोलायला हवं. त्यात गेलेली दहा मिनिटं मला औषधाइतकीच मोलाची वाटतात.

बाळंतपणानंतर तर सगळेच निर्धास्त होतात. या बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा किमान सातपट असतो, तरी सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीला फार थोड्या जणी येतात. पण बाळाची दीड महिन्याची लस सहसा कुणी चुकवत नाही. त्याच दिवशी, त्याच केंद्रावर आईलाही ग्लुकोज द्यावं, असा ठराव या परिषदेने करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

दुपारच्या सत्रात आशाताई आपले अनुभव सांगणार आहेत. डॉक्टरांनी जेवण झाल्यावर निघू नये, त्यांना ऐकायला थांबावं.