नवाबाचा पलंग आणि गिरणगावची वळकटी

आजचा विषय, राजेशाही झोप.

1882 साली बहावलपूरच्या नवाबाने पॅरिसच्या क्रिस्तोफलकडून पलंग घडवून घेतला. चांदी तब्बल 290 किलो! कोपऱ्यांत पंखे हलवणारे चार पुतळे, आणि आडवं झालं की संगीत सुरू.

आता शंभर वर्षं पुढे या. 18 जानेवारी 1982, गिरणी संप सुरू झाला. तोवर लालबाग-परळमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत कामगार पाळीपाळीने झोपायचे. एक कामाला निघाला की त्याच जागेवर दुसऱ्याची वळकटी उलगडायची. आणि देशभरातल्या पलंगांवरच्या चादरी विणणारे हात यांचेच!

आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. तिथे किंवा मोबाइलवर ‘रॉयल, 1000 थ्रेड काउंट’ वाचून लगेच भुलू नका. थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे. काहीजण एकाच धाग्याचे पदर सुटे मोजतात, की आकडा फुगला! सूत चांगलं असेल तर 300-400 सुद्धा मस्त.

घरात कुणी आजोबा साच्यावर होते? चादर त्यांच्या हातात द्या. बोटांनीच सांगतील. आणि हो, ते स्वतः कशावर झोपायचे, तेही विचारा.