द्रव्याचा ताळेबंद आणि मापनातील त्रुटी



मिश्रणातील घटक वेगळे करणे हे रासायनिक उद्योगाचे एक प्रमुख कार्य होय. खनिज तेलापासून पेट्रोल, केरोसीन, डिझेल यांचे अंश प्रथम वेगळे होतात ते ऊर्ध्वपातनाने. गुरुग्राम येथे इंजिनिअर्स इंडिया लिमिटेड या १९६५ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक उपक्रमाचे संशोधन व विकास संकुल आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांचे आराखडे करणाऱ्या अशा संस्थांचे काम मोजलेल्या आकड्यांवर उभे असते. ते आकडे विश्वासार्ह आहेत काय, याची पहिली कसोटी म्हणजे द्रव्य-संतुलन.

नियम साधा आहे. आत आलेल्या द्रव्यातून बाहेर गेलेले वजा केले की साठ्यात झालेली वाढ मिळते. स्तंभ स्थिर अवस्थेत असेल, तर ही वाढ शून्य असते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका स्तंभात दर तासाला १०० टन मिश्रण येते. त्यात ४५ टक्के बेंझीन व ५५ टक्के टोल्यूइन आहे. वरून ४६ टन बाहेर पडते, त्यात ९५ टक्के बेंझीन. तळातून ५१ टन निघते, त्यात ३ टक्के बेंझीन. बेरीज होते ९७. मग ३ टन गेले कुठे?

येथे घटकनिहाय ताळेबंद उपयोगी पडतो. बेंझीन ४५ टन आत आले आणि ४५.२३ टन बाहेर गेले. म्हणजे ते जवळजवळ जुळते. टोल्यूइन मात्र ५५ टन आत येऊन ५१.७७ टनच बाहेर पडले. तूट टोल्यूइनची आहे आणि टोल्यूइन मुख्यतः तळातून जाते. तळाचा प्रवाह ५४ टन धरला, तर दोन्ही घटकांतील फरक केवळ ०.३२ टन राहतो. वरचा प्रवाह ४९ टन धरला, तर बेंझीन ३ टनांहून अधिक वाढते. संशय तळाच्या प्रवाहावर स्थिरावतो.

उरलेले लहान फरक यादृच्छिक त्रुटींचे असतात. ते लघुतम वर्ग पद्धतीने वाटले जातात. ज्या मापकाची अचूकता कमी, त्याच्या वाट्याला दुरुस्ती अधिक. १९६१ साली कुएन व डेव्हिडसन यांनी ही पद्धत रासायनिक प्रक्रियांसाठी मांडली. आयआयटी मद्रासचे शंकर नरसिंहन यांनी कॉर्नेलियस जॉर्डाश यांच्यासह लिहिलेला या विषयावरील ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला.

मात्र ढोबळ त्रुटी शोधण्याआधीच तूट सर्व मापकांवर वाटली, तर एका मापकाचा दोष निर्दोष आकड्यांनाही बिघडवतो. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. तळाचा मापक कमी दाखवत असेल किंवा मापकापूर्वीच्या नळीतून गळती होत असेल, तरी कागदावर दोन्हींचे चित्र सारखेच दिसते. गळती असेल, तर दिवसाला ७२ टन ज्वलनशील आणि विषारी द्रव बाहेर पडत आहे. गणित संशयाची जागा दाखवते, कारण ठरवत नाही. त्यासाठी मापकाचे अंशांकन, टाकीतील पातळीची नोंद आणि नळीची प्रत्यक्ष तपासणी करावी लागते.

परीक्षेतील उदाहरणात आकडे सहसा जुळवूनच दिलेले असतात. कारखान्यात ते क्वचितच तंतोतंत जुळतात. न जुळणारा आकडा खोडण्यापूर्वी तो काय सांगतो हे पाहणे, हेच अभियंत्याचे पहिले कर्तव्य होय.