दमा : क्षणाचा आराम आणि खरा उपचार



ज्या घरात दमेकरी असतो, त्या घराला रात्र फार मोठी वाटते. पहाटेच्या प्रहरी धाप लागते, छातीत घरघर सुरू होते आणि सारे घर जागे होते. अशा वेळी पंपातील औषध ओढून घेताच पाचदहा मिनिटांत श्वास मोकळा होतो. हा आराम खरा असतो, परंतु आराम आणि उपचार या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद समजण्यासाठी वैद्यकशास्त्राला मोठी किंमत मोजावी लागली. त्याची कथा न्यूझीलंड या लहानशा देशात घडली, तरी तिचा बोध प्रत्येक दमेकऱ्याच्या घराला उपयोगी पडणारा आहे.

दम्यामध्ये श्वासनलिकांचे दोन प्रकारे नुकसान होते. एक, नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात. दुसरे, नलिकेच्या आतील अस्तराला सूज येते आणि चिकट कफ साठतो. त्वरित आराम देणारे पंपाचे औषध आवळलेले स्नायू सैल करते. आतील सूज मात्र तशीच राहते. ती उतरविण्याचे काम श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड करते. त्याचा परिणाम हळूहळू होत असल्याने रुग्णाला त्याचे महत्त्व पटत नाही. ज्याचा गुण तत्काळ दिसतो, त्यावरच माणसाचा विश्वास बसतो.

१९६० च्या दशकात इंग्लंड व वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादी देशांत दम्याने होणारे तरुणांचे मृत्यू एकाएकी वाढले. तेथे आयसोप्रिनालिन या औषधाचा नेहमीच्या पाचपट मात्रेचा 'फोर्ट' पंप विक्रीस होता. ज्या देशांत तो मिळत नव्हता, तेथे अशी लाट आली नाही. इशारे दिले गेले, वापर घटला आणि मृत्यूही घटले. परंतु धडा पुरता गिरवला गेला नाही.

एप्रिल १९७६ मध्ये न्यूझीलंडच्या बाजारात फेनोटेरॉल नावाचे नवे औषध आले. सालब्युटामॉलच्या पंपातून एका वेळी १०० मायक्रोग्रॅम औषध मिळे, तर यातून २००. त्याच वर्षापासून त्या देशात दम्याचे मृत्यू पुन्हा वाढू लागले. कोणी हवेला, कोणी रुग्णांच्या हयगयीला, तर कोणी डॉक्टरांच्या दिरंगाईला दोष दिला.

वेलिंग्टन येथील ज्युलियन क्रेन, नील पीअर्स, रिचर्ड बीझली आणि त्यांचे सहकारी यांनी मात्र नोंदी तपासावयाचे ठरविले. १९८१ ते १९८३ या काळात दम्याने दगावलेले ५ ते ४५ वयाचे ११७ रुग्ण त्यांनी घेतले. प्रत्येकासमोर त्याच वयोगटातील, दम्यासाठी रुग्णालयात दाखल झालेले चार, असे ४६८ रुग्ण तुलनेस ठेवले. कोणाला कोणते औषध लिहून दिले होते, याचा ताळा मांडला. एप्रिल १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फेनोटेरॉल घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे दीडपट आढळला.

यावर आक्षेप आला की, हे औषध अधिक गंभीर रुग्णांनाच दिले जात असावे; मग मृत्यूही त्यांच्यातच अधिक होणार. आक्षेप रास्त होता. तो खरा असता, तर केवळ गंभीर रुग्णांची आपसांत तुलना केल्यावर हा फरक नाहीसा व्हावयास हवा होता. घडले उलटच. ज्यांना वर्षभरात रुग्णालयात राहावे लागले होते आणि ज्यांना पोटातून स्टेरॉइड चालू होते, अशा रुग्णांत धोका तेरापट दिसला. संशोधकांवर टीकेची झोड उठली, तरीही त्यांनी आणखी अभ्यास करून आपले निष्कर्ष पडताळून पाहिले. सरकारने इशारा दिला व पुढे हे औषध सवलतीच्या यादीतून काढले. वापर ओसरला आणि मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. हा पुरावा कोणत्याही युक्तिवादाहून बोलका ठरला.

फेनोटेरॉलच्या मोठ्या मात्रेने हृदयावर ताण येतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. शिवाय त्वरित आराम मिळाल्याने रुग्ण डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावतो आणि आतली सूज वाढत राहते. ड्युनेडिन येथे माल्कम सीअर्स यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हे औषध दिवसातून चार वेळा नियमित घेणे आणि गरजेपुरते घेणे यांची तुलना केली. ज्या ५७ रुग्णांत फरक दिसला, त्यांपैकी ४० जणांचा दमा गरजेपुरते घेताना अधिक आटोक्यात होता. अधिक औषध म्हणजे अधिक गुण, या समजाला त्यामुळे तडा गेला.

याची दुसरी बाजू कॅनडातून समोर आली. सॅस्कॅचवान प्रांतातील नोंदींवरून सॅमी स्वीसा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले की, वर्षभरात वापरलेल्या श्वासावाटेच्या स्टेरॉइडच्या प्रत्येक जादा डब्यामागे मृत्यूचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी घटतो.

याच धाग्याचे पुढचे टोक २०१९ चे आहे. रिचर्ड बीझली यांच्या नेतृत्वाखाली सौम्य दम्याच्या ६६८ प्रौढ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. गरजेला केवळ सालब्युटामॉल घेणाऱ्यांपेक्षा, गरजेला ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंप घेणाऱ्यांत दमा बळावण्याचे प्रसंग सुमारे निम्मे घडले. त्याच वर्षी 'जीना' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने प्रौढ व किशोरवयीन रुग्णांवर केवळ त्वरित आरामाच्या पंपाने उपचार करू नयेत, अशी शिफारस केली.

आपल्याकडे मात्र आजही पंपाची सवय लागते, स्टेरॉइड वाईट, पंप म्हणजे शेवटचा उपाय, असे समज घरोघरी ऐकू येतात. श्वासावाटे घेतलेले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते आणि थेट श्वासनलिकेत पोहोचते. पोटातून दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्यांशी त्याची बरोबरी करणे योग्य नव्हे. औषध घेतल्यावर चूळ भरण्याचे पथ्य मात्र पाळावे. आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बरे वाटले म्हणून नियमित औषध आपल्या मनाने बंद करू नये. पंपानेही धाप कमी होत नसेल किंवा बोलताना वाक्य पुरे होत नसेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

न्यूझीलंडमधील त्या ११७ जणांपैकी अनेकांच्या हाती पंप होता. उणीव औषधाची नव्हती, योग्य औषधाच्या ज्ञानाची होती. आज ते ज्ञान उपलब्ध आहे. ते आपल्या घरातील दमेकऱ्यापर्यंत पोहोचविणे ही प्रत्येक कुटुंबाची जबाबदारी आहे. ती आपण सारे पार पाडाल, असा विश्वास आहे.