मूर्धन्य



एकाद्या सभेचें वृत्त वाचतांना 'मूर्धन्य विद्वान', 'मूर्धन्य गायक' असे शब्द आपल्या दृष्टीस पडतात. सर्वांत वरच्या स्थानीं बसलेला, एवढा अर्थ आपण धरतों आणि पुढें जातों. आज या एकाच विशेषणापाशीं थोडा वेळ थांबावें असा माझा विचार आहे. कारण त्याच्या अर्थांत जी सरमिसळ झाली आहे, तिचा जाच पुष्कळ शाळकरी मुलांना सोसावा लागतो.

मूर्धन् म्हणजे मस्तक, विशेषतः माथा. पर्वताच्या शिखरालाही संस्कृतांत हा शब्द लावतात. अवयवाच्या नांवाला 'य' प्रत्यय लागला कीं 'त्या ठिकाणचा' असा अर्थ होतो. दंत्य, ओष्ठ्य, तसाच मूर्धन्य. राज्याभिषेक झालेल्या राजाला मूर्धाभिषिक्त म्हणतात, तेंही अभिषेकाचें जल माथ्यावर पडतें म्हणून. तेव्हां मुळांत हा शब्द जागा सांगतो. मोठेपणा त्याला मागाहून चिकटला. (आणि चिकटलाच आहे, तर निदान 'सर्वांत मूर्धन्य' असें तरी लिहूं नये. माथ्यावर आणखी माथा नसतो.)

वैयाकरणांनीं ही जागा तोंडाच्या आंत नेली. जिभेवर जें छत आहे, त्याच्या उंच भागाला त्यांनीं मूर्धा म्हटलें. जिभेचें टोंक मागें वळून तिकडे टेकलें कीं ट, ठ, ड, ढ, ण उमटतात. पाणिनीच्या अष्टाध्यायींत हा शब्द याच अर्थानें आला आहे. युरोपांतील पंडितांनीं त्याचें भाषांतर 'सेरेब्रल', म्हणजे मेंदूचा, असें केलें. जणूं ट म्हणतांना आपण मेंदूनेंच बोलतों! पुढें 'कॅक्युमिनल' हा शब्द निघाला. त्याच्या मुळाशीं शिखर या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, म्हणून तो आपल्या शब्दाच्या पुष्कळच जवळचा. आज रूढ आहे तो 'रेट्रोफ्लेक्स', म्हणजे मागें वळलेला. खरें पाहतां जीभ अगदीं उंच बिंदूपर्यंत जातेच असें नाहीं. मराठींत ती बहुधा वरच्या हिरड्यांच्या किंचित् मागेंच टेकते.

या वर्णांत ळ ही आला, आणि आपल्या कोल्हापुरांत त्याचें वैभव मोठें. रंकाळा, पन्हाळा, गुऱ्हाळ, गूळ! कागलला ल आहे, तर शिरोळला ळ. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेंत हा वर्ण आहे. पुढच्या संस्कृतांतून तो मावळला. मराठी, गुजराती, कानडी या भाषांत मात्र नांदत राहिला. प्रमाण हिंदींत तो नाहीं, म्हणून तिकडचा प्रवासी 'रंकाला' म्हणतो. त्याच्यावर रागावण्याचें कारण नाहीं. परंतु आपणच मराठींत 'पन्हाला' लिहूं लागलों तर तें मला खपणार नाहीं. मूल आणि मूळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ यांतील अंतर ज्या भाषेंत एका वर्णावर उभें आहे, तेथें ल वर भागत नाहीं.

आतां ण कडे येतों. खेड्यांतला मुलगा 'पाणी' न म्हणतां 'पानी' म्हणाला कीं वर्गांत हशा पिकतो. हा हशा कशाच्या जोरावर? ण मूर्धन्य आणि न दंत्य, हें व्याकरण झालें. हंसणाराच्या मनांत मात्र मूर्धन्य तो श्रेष्ठ आणि दंत्य तो हलका, असें बसलेलें असतें. जागेचा शब्द त्यानें योग्यतेचा करून टाकलेला असतो. बरें, भाषा, दोष, विष यांतील ष हाही व्याकरणाप्रमाणें मूर्धन्यच. शिकलेली मंडळी त्याचा उच्चार बहुधा तालव्य श सारखाच करतात. त्यांना कोणी हंसत नाहीं.

ण शिकवूं नये, असें मी म्हणत नाहीं. मन आणि मण यांत भेद आहे, आणि तो मुलाला अवगत झालाच पाहिजे. परंतु शिक्षकानें त्याला घरच्या बोलीची लाज न शिकवतां जिभेची जागा दाखवावी. त्यास प्रथम 'अट' म्हणावयास लावावें. ट साठीं जीभ वर टेकली कीं ती तशीच धरून ठेवावयास सांगावें, आणि मग आवाज नाकावाटे सोडूं द्यावा. जो वर्ण ऐकूं येईल तो ण.