बडखल तलाव का आटला?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



‘शास्त्रीय कारणे द्या’ हा प्रश्न आपण सर्वांनीच परीक्षेत सोडविला आहे. दोन गुणांसाठी दोन ओळी, त्याही बहुधा पाठ केलेल्या. माझी तक्रार एवढीच, की कारण एकच असते आणि ते कोणीतरी आधीच शोधून ठेवलेले असते, असा समज त्यातून मुलांच्या मनात रुजतो.

म्हणून वर्गात मी आपल्या फरीदाबादचाच प्रश्न विचारते: बडखल तलाव का आटला? अरवलीच्या पायथ्याशी १९४७ साली बांध घालून तो तयार झाला. तेथे नौकाविहार चालत असे, हे येथील अनेक पालकांना आठवत असेल. या शतकाच्या आरंभी तो कोरडा पडला.

मुलांचे पहिले उत्तर ठरलेले असते: पाऊस कमी झाला. ते चूक आहे असे मी म्हणत नाही. तपासावे कसे, एवढेच विचारते. मग कोणीतरी सुचविते, की भरपूर पावसाच्या वर्षी काय झाले ते पाहावे. चांगल्या पावसाळ्यांनंतरही तलाव पूर्वीसारखा भरला नाही. तेव्हा मुले खाणींकडे वळतात. पण खाणी वाढल्या आणि तलाव आटला, एवढ्यावरून निकाल देणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! पाण्याची वाट दाखवता आली पाहिजे. डोंगरउतारावरचे पाणी ओढ्यांतून तलावात येई. खाणींनी उतार फोडले, वाटेत खोल खड्डे झाले, पाणी तेथेच अडू लागले. वाढत्या शहराच्या उपशाने भूजलही खाली गेले.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली येथील अरवलीतले खाणकाम थांबविले. तरी तलाव आपोआप भरला नाही. यावर एका मुलीने विचारले, “मग खाणी हे कारण नव्हतेच ना, बाई?” असा प्रश्न वर्षातून एकदा जरी ऐकू आला, तरी शिकविल्याचे सार्थक वाटते. उत्तर मी दिले नाही. वर्गातील दुसऱ्याच मुलाने दिले: खाणकाम थांबले, पण खड्डे कोणी बुजविले?

आता शुद्ध केलेले सांडपाणी सोडून तलाव भरण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. ते पाणी टिकेल का, यावर आठवीच्या वर्गात दोन तट पडले आहेत. दोन्हींना मी आपापला अंदाज कारणांसह वहीत लिहून, तारीख घालून ठेवायला सांगितले आहे.