फक्त तारीख गुप्त आहे



मघाशी आपण आपल्यातून गेलेल्यांची नावं वाचली. दर मेळाव्याला ही यादी वाढते आणि आपण लगेच जेवणाकडे वळतो. म्हणून आज दोन मिनिटं एका विज्ञानकथेबद्दल बोलतो.

डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेत दत्ता नावाच्या हौशी निरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. गणित मांडल्यावर कळतं, तो पृथ्वीवर आदळणार! बातमी गुप्त ठेवली जाते. शास्त्रज्ञ धूमकेतूची वाट बदलण्याच्या मागे लागतात आणि इकडे दत्ताच्या घरी यज्ञ मांडला जातो.

नारळीकरांचा कौल विज्ञानाला, माझाही. पण साठीनंतर ही कथा वाचताना वेगळंच जाणवलं. मरण समोर दिसल्यावर दोन्हीकडची माणसं आपल्या माणसांसाठी धडपडत होती. आपल्या प्रत्येकाचा धूमकेतू तर निघालेलाच आहे. त्याची वाट बदलत नाही, फक्त तारीख गुप्त आहे.

तेव्हा रक्तदाब-साखर तपासून घ्या, मृत्युपत्र लिहून ठेवा. ज्या बाईंना, सरांना, मित्राला फोन करायचा राहिलाय, तो आज रात्रीच करा. काशीगावात आता मेट्रोचं स्टेशनही झालंय, त्यामुळे ‘लांब पडतं’ ही सबब चालणार नाही.